इन्व्हर्टर बल्ब: वादळात टाचण काढणाऱ्या बाईंचा अभिप्राय

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. इन्व्हर्टर बल्ब, म्हणजे लाईट गेली की आतल्या बॅटरीवर जळत राहणारा बल्ब, घ्या, पण ज्याच्या खोक्यात तो होल्डरबाहेर टांगून पेटवायची हुकाची टोपी येते तोच घ्या. खोक्यावरचे ‘४ तास’ मनावर घेऊ नका. टोपी नसेल तर हा बल्ब रोजच्या लाईट जाण्यायेण्याला उत्तम आणि वादळाला कुचकामी. असं का, ते सांगण्यासाठीच हे एवढं लिहायला बसले आहे, कारण दुकानदार ते सांगत नाहीत आणि खोक्यावरही ते छापलेलं नसतं.

मी दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मिस्टर मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. घरात मी आणि सासूबाई. त्यामुळे लाईट गेली की स्टुलावर चढायचं, टॉर्च शोधायचा, मेन स्विच पाडायचा, ही सगळी खाती माझ्याकडेच.

मास्तरकीत दिवसा शिकवणं असतं आणि संध्याकाळी बाकीचं सगळं. उद्याचं टाचण (उद्या काय आणि कसं शिकवायचं त्याची टिपणं), पोषण आहाराचा हिशोब, मुलांच्या प्रगतीच्या आकारिक नोंदी, आणि ग्रुपवर ‘तातडीने’ म्हणून आलेली एखादी लिंक. पहिलीच्या वर्गाला तर तोंडी शिकवून भागत नाही. हातात द्यायला काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी रात्री जेवणं झाल्यावर कात्री, स्केचपेन आणि डिंक घेऊन बनतं. मे महिन्यातल्या लग्नपत्रिका मी कधी टाकत नाही. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, चार तुकडे केले की चार शब्दकार्डं. घर, नळ, कमळ, बदक. या कामाला उजेड लागतो, तो सुद्धा वहीवर पडणारा. माणूस कुठे बसलाय एवढं दाखवणारा उजेड आम्हाला पुरत नाही.

बल्बाआधी घरात काय काय होऊन गेलं ते सांगते. कंदील अजून माळ्यावर आहे, पण रेशनवर रॉकेल मिळायचं ते दिवस गेले. मेणबत्ती पडवीत टिकत नाही, माजघरात टिकते पण वहीवर सांडते. सोलरचा कंदील एका नातेवाइकांनी हौसेनं दिला होता. बिचारा ऑक्टोबर ते मे फार चांगला चालतो, म्हणजे जेव्हा त्याची गरज नसते तेव्हा. जूनमध्ये आमच्याकडे सूर्य दिसला तर लोक अंगणात येऊन बघतात. जुन्या पद्धतीचा इमर्जन्सी लाईटही होता, आत शिशाच्या बॅटरीचा. त्याची खोड अशी की रिकामा ठेवून कपाटात टाकला की बॅटरी कायमची बसते. शिशाच्या बॅटरीला उपाशी झोपवलेलं चालत नाही, महिन्याकाठी तरी चार्ज करावी लागते. उन्हाळाभर हे कोणाच्या लक्षात राहतं? मृगाचा पहिला पाऊस आला की गावातले निम्मे इमर्जन्सी लाईट मेलेले निघतात. राहिला मोबाईलचा टॉर्च. तो वापरायचा नाही असं मी ठरवलं आहे, कारण वादळात मोबाईलची बॅटरी निरोपासाठी राखून ठेवायची असते.

हे शहाणपण २०२० सालचं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, म्हणजे बाणकोटच्या खाडीच्या पलीकडे, आमच्या डोक्यावरच. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. कौलं पत्त्यांसारखी गेली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि खांब तर इतके पडले की दापोली-मंडणगडातल्या कितीतरी गावांत आठवड्यामागून आठवडे लाईट नव्हती. त्यात लॉकडाऊन. मुलांना मोबाईलवर अभ्यास पाठवायचा होता आणि मोबाईलच चार्ज होत नव्हता. बाजारात कोणी जनरेटर लावला की माणसं फोनांच्या पिशव्या घेऊन रांगेत. तेव्हापासून आमच्याकडे लाईट हा हवामानासारखाच बोलण्याचा विषय झाला आहे. कोणी फोन केला की ‘बरे आहात ना’च्या आधी ‘लाईट आहे का’ विचारतात.

हा बल्ब घेतला २०२५ च्या मे महिन्यात, दापोलीच्या बाजारात. दुकानदारानं एरवी दाखवतात तसा खेळ दाखवला. बल्ब खोक्यातून काढला, मागची पितळी दोन टोकं बोटानं दाबली आणि बल्ब हातातच पेटला. वायर नाही, होल्डर नाही. शेजारी उभी असलेली एक म्हातारी ‘अगो बाई’ म्हणून दोन पावलं मागे सरली. खेळ मजेशीर आहे आणि खरा आहे. आत लिथियमची बॅटरी असते, बोटाच्या घामातून अगदी बारीकसा प्रवाह गेला की बल्बाला वाटतं आपलं बटण चालू आहे. शॉक लागत नाही, कारण तो प्रवाह बॅटरीचा, तोही नगण्य. किंमत साडेतीनशेच्या आसपास. कंपनीचं नाव सांगत नाही. या किमतीचे बहुतेक बल्ब आतून सारखेच असतात, आणि माझं म्हणणं एका कंपनीबद्दल नाहीच.

रोजच्या वापरात हा बल्ब खरोखर गुणी आहे. नेहमीच्या दोन पिनांच्या होल्डरला बसतो, इलेक्ट्रिशियन लागत नाही. लाईट असताना ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब म्हणून चालतो आणि आतल्या आत चार्ज होत राहतो. लाईट गेली की क्षणाचाही खंड न पडता बॅटरीवर जातो. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मला कळलंच नाही. पंख्याची घरघर मंदावली, मागे फ्रीज गप्प झाला, तेव्हा मान वर केली. हातातलं कार्ड अर्धं रंगवून झालं होतं, ते तसंच पुढे रंगवलं. सासूबाईंना तर याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. त्यांना टॉर्चचं बारीक बटण सापडत नाही, इमर्जन्सी लाईट उचलवत नाही. इथे भिंतीवरचं नेहमीचं बटण, नेहमीच्या जागी. लाईट गेलेली असतानाही बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. रात्री-अपरात्री न्हाणीकडे जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी एवढ्या एका गोष्टीवर मी बल्बाला पाचपैकी तीन तारे देऊन टाकते.

आता ‘४ तासां’चं गणित. हे चौथीच्या पोरालाही जमेल. माझ्या बल्बाच्या खोक्यावर बॅटरी २२०० एमएएच लिहिली आहे. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की आठ वॉट-तासांच्या जवळपास येतं. म्हणजे बॅटरीवर हा बल्ब खरोखर ९ वॉटनं जळला तर तासभरही पुरणार नाही. चार तास पुरवायचा असेल तर दोन वॉटवर यावं लागेल. नेमकं तेच होतं. लाईट गेली की बल्ब चालू राहतो, पण उजेड पाव हिश्शावर उतरतो. डोळे थोड्या वेळात सरावतात म्हणून ते जाणवत नाही. खोक्यावर ‘४ तासांपर्यंत’ मधलं ‘पर्यंत’ इतकं बारीक छापलंय की ते वाचायलाच दुसरा बल्ब लागावा. आणि चार तास सरळ एकसारखा उजेड मिळतो असंही नाही. टाचण लिहिण्याजोगा उजेड पहिले दोन-अडीच तास, पुढे जेवायला वाढण्याजोगा, त्यापुढे देवघरात समई लावली तरी फरक पडू नये असा.

पाव उजेडाचा आणखी एक त्रास फक्त पहिलीच्या शिक्षकांना कळेल. रंगांची कार्डं करताना निळा आणि जांभळा स्केचपेन एकसारखे दिसतात. रात्री मी झोकात ‘जांभळा’ लिहिलेलं कार्ड सकाळी उजेडात बघावं तर निळंशार. आता नियम केला आहे, रंगकाम लाईटवर, अक्षरकाम बॅटरीवर. त्याहून सोपा उपाय म्हणजे बल्ब खाली आणणं. आढ्याला टांगलेल्या बल्बाचा उजेड जुन्या घरात वहीपर्यंत येईतो अर्धा काळवंडलेल्या वाशांनी खाल्लेला असतो. तोच बल्ब डोक्याच्या दीड-दोन फूट वर लोंबकळत असेल तर दोन वॉटसुद्धा भरपूर होतात. पण होल्डर छतात, मी जमिनीवर. इथे त्या टोपीचं काम सुरू होतं. मात्र टोपीची खरी किंमत कळली ती २४ मेला.

२०२५ साली पाऊस कसा आला ते कोकणात कोणाला सांगायला नको. मान्सून २४ मेला केरळात, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि २६ तारखेला मुंबईत. हापूस अजून झाडावर, लाकूडफाटा अंगणात, पावळीला पाऊस अडवणारी झडप बांधायची बाकी. आमच्यावर त्याआधीच एक धाड आली. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र चांगलं बळकट होऊन २४ तारखेला दुपारी रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. निसर्गच्या मानानं किरकोळ, पण आमच्या वाडीतल्या माडांना ते कोणी सांगितलं नव्हतं. झावळ्या अंगणात पडत होत्या. कौलांवर पाऊस असा तडतडत होता की सासूबाई पलीकडच्या खोलीतून हाक मारत होत्या ते मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. लाईट सकाळीच गेली होती.

शाळा सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते, पण पहिलीला २०२५-२६ पासून अभ्यासक्रम नवा, पुस्तकं नवी. जुनी कार्डं, जुनं वार्षिक नियोजन, सगळं नव्यानं बघायला हवं होतं. म्हणून त्या दिवशी बाहेर वारा घुमत असताना मी माजघरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. वेळापत्रक मी पेन्सिलीनं आखलं होतं, कारण पहिलीला तिसरी भाषा आहे की नाही हे एप्रिलपासून ठरत होतं. (जूनच्या शेवटी शासन निर्णय मागे घेतले तेव्हा तेवढे तास खोडून टाकले. पेन्सिलीला पर्याय नाही.) बल्ब वर मंद जळत होता. दमट हवेनं पत्रिकांचे कोपरे वळत होते, स्केचपेनची शाई कडेनं पसरत होती, तरी काम चाललं होतं.

संध्याकाळी गडगडाट जवळ आला. पहिली वीज वाडीच्या मागे पडल्यासारखा आवाज झाला आणि सासूबाईंनी हुकूम सोडला, “अगो, मेन पाड आधी!” मेन पाडायचा हे आमच्याकडे सगळेच करतात. विजा चमकत असताना, आणि लाईट परत येताना दणक्यात येते तेव्हा, फ्रीज-टीव्ही जायची भीती असते. मी उठले, फ्रीजचा प्लग काढला, मीटरशेजारचा मेन खाली ओढला. त्याच क्षणी बल्ब विझला.

बॅटरीवर चालणारा बल्ब. लाईट सकाळपासून नव्हतीच. मग मेन पाडल्यानं काय बिघडलं? मेन वर केला, बल्ब लागला. खाली केला, विझला. शेवटी समई लावली. बॅटरीत चार्ज शिल्लक, आणि आम्ही दोघी अंधारात एकमेकींची तोंडं बघत बसलो.

उलगडा केला वायरमननी. दोनेक दिवसांनी ते आमच्या वाडीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आले तेव्हा भर पावसात, अंगावर रेनकोट, पाय चिखलात. मी चहा नेऊन दिला आणि विचारलं. ते हसले. म्हणाले, “बाई, त्याला लाईट गेली ते थोडंच कळतं? त्याला फक्त रस्ता जोडलेला आहे की तुटलेला आहे तेवढं कळतं.”

म्हणजे असं. लाईट गेली तरी आपल्या बल्बाच्या दोन तारा गावभरच्या तारांना जोडलेल्या राहतात. शेजारच्यांचा पंखा, पलीकडचा पंप, डीपीतली गुंडाळी, यांतून एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत वाट पूर्ण होते. बल्ब बॅटरीतला बारीकसा प्रवाह त्या वाटेनं सोडून बघतो. तो फिरून परत आला तर बल्बाला समजतं की बटण चालू आहे पण लाईट नाही, तेव्हा मी पेटायचं. बटण बंद केलं की वाट तुटते, म्हणून विझतो. दुकानदाराच्या बोटानं केलं तेही हेच, वाट जोडली. आणि मी मेन पाडला तेव्हा घर गावापासून तुटलं. घरात पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, म्हणजे घरातल्या घरातही वाट नाही. बल्बाच्या लेखी मी त्याचं बटण बंद केलं होतं.

ध्यानात घ्या, हा बिघाड नाही. बल्ब बनवलाच असा आहे. पण याचा अर्थ काय होतो बघा. शहरात कुठेतरी केबल जळाली, तासाभरात लाईट आली, तिथे हा बल्ब शंभर टक्के चालेल. कोकणात जिथे विजांच्या भीतीनं मेन पाडतात, किंवा माड पडून खांबावरून घरात येणारी तारच तुटते, तिथे तो होल्डरमध्ये मुका बसण्याची शक्यता फार. निसर्गच्या वेळी तर घरोघर तारा अंगणात पडल्या होत्या. म्हणजे ज्या दिवशी बल्ब सगळ्यात जास्त हवा, त्या दिवशी तो अडून बसणार. आणि हे खोक्यावर कुठेही नाही.

वायरमननीच एक युक्ती सांगितली. देवघरात जुना, आत तार असलेला झिरोचा बल्ब आहे का? आहे. मग मेन पाडल्यावर त्याचं बटण चालू ठेवायचं. त्याच्या तारेतून घरातल्या घरात वाट पूर्ण होते. झिरोचा बल्ब पेटत नाही, त्याला तेवढी ताकद नसते, पण इन्व्हर्टर बल्ब पेटतो. करून बघितलं, पेटला. देवघरातल्या लाल बल्बामुळे माजघरात उजेड पडला हे सासूबाईंनी पुढे सगळ्या आळीला सांगितलं, त्यात वायरमन आणि मी कुठेच नव्हतो. झिरोचा बल्ब नसेल तर पंख्याचं बटण चालू आणि रेग्युलेटर पाचावर ठेवूनही जमतं. एलईडीचा झिरो बल्ब असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

आता टोपी. काही खोक्यांत बल्बाबरोबर प्लास्टिकची एक छोटी टोपी येते, वर हूक असलेली. ती बल्बाच्या मागच्या बाजूला पिनांत अडकवली की आतली पत्री दोन्ही टोकं जोडते, म्हणजे दुकानदाराच्या बोटाचं काम ती करते. बल्ब होल्डरमधून काढायचा, टोपी बसवायची, आणि तो कंदिलासारखा कुठेही टांगायचा. मेन पडलेला असो, तार तुटलेली असो, घराला मीटरच नसो. मी तो कपडे वाळत घालायच्या वलणीला अडकवते. वलण माझ्या डोक्याच्या बेतानं वर आहे, खाली चटई, चटईवर वही. दोन वॉटचा उजेड थेट पानावर. आढ्यावरच्या उजेडात आणि यात एवढा फरक आहे की पहिल्यांदा मला वाटलं बल्ब लाईटवर चालतोय.

दुकानदार टोपीबद्दल एक शब्द बोलत नाहीत. स्वस्तातल्या खोक्यांत ती नसतेच. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी माझं ऐकून बल्ब घेतला, पन्नास रुपये वाचवले आणि टोपीशिवायचा आणला. पुढच्याच वादळात ते विचारत आले, “बाई, तुमचा लागतो, आमचा का नाही लागत?”

वलणीवर टांगण्याचा एकच तोटा, पाखरं. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं जमिनीतून निघतात आणि अख्ख्या गावात एकच दिवा जळत असला की सगळी त्याच्याकडे. वहीवर पंख, डिंकात पंख, ‘कमळ’च्या कार्डावर चिकटलेलं एक आख्खं पाखरू. बल्बाखाली पाण्याची परात ठेवायची, निम्मी त्यात पडतात. उरलेली अर्धा-पाऊण तासात आपोआप पंख टाकून चालायला लागतात. तेवढा वेळ दिवा विझवून गप्पा माराव्यात.

चार्जिंगचं एक पथ्य आहे आणि ते घरात भांडण लावतं. बल्ब चार्ज होतो फक्त बटण चालू असताना. पूर्ण भरायला आठ-दहा तास. आपण दिवसा दिवे बंद ठेवणारी माणसं, संध्याकाळी दोन-तीन तास लावणार, म्हणजे बॅटरी कधी भरतच नाही आणि मग लोक म्हणतात बल्ब वाईट. त्यामुळे वादळाचा इशारा आला की मी आदल्या दिवशी सकाळपासून तो चालू ठेवते. सासूबाईंचं म्हणणं, “दिवसाउजेडी दिवा कशाला जाळतेस गो?” मी सांगते की दिवा जळत नाहीये, भरतोय. त्या मान हलवतात आणि मी शाळेत गेले की बंद करतात. शेवटी मी तो फ्रीजच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या होल्डरला हलवला. तिथे त्यांचं लक्ष जात नाही. दाब कमी असेल, दिवे मिणमिणत असतील, तर तेव्हा भरल्याचा भरवसा धरू नये एवढं सांगून ठेवते.

शाळेतही एक नेला. जुलैमध्ये दुपारी एकलाच वर्गात असा काळोख होतो की फळा दिसत नाही. सपकाऱ्यामुळे खिडक्या लावाव्या लागतात, लाईट असलीच तर असते. पहिलीची पोरं अंधारात आधी गंमत करतात, मग गडगडलं की एकदम गप्प होऊन बाईंच्या साडीला चिकटतात. नकाशा टांगायच्या खिळ्याला टोपीचा बल्ब लावला आणि मुलांना त्याखाली गोल बसवलं. कार्डं मधे पसरली. फळ्यावर शिकवण्यापेक्षा त्या गोलात जास्त वाचून झालं, कारण उजेड तेवढाच होता आणि दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. सरांनी दुसऱ्या दिवशी येऊन तिसरी-चौथीसाठी मागितला. तो अजून परत आलेला नाही, याची नोंद असावी.

वर्गात एक गोष्ट मात्र मी कटाक्षानं करत नाही. बल्ब बोटानं पेटवून दाखवायचा खेळ. पोरांनी तो बाजारात बघितलेलाच असतो. “बाई, हातात धरून लावा ना!” असा हट्ट रोज. पण आज बाईंनी बल्बाला बोट लावलं तर उद्या पोरगं घरी होल्डरला बोट लावणार. सहा वर्षांच्या डोक्यात बॅटरीचा दाब आणि घरातला २३० व्होल्टचा दाब वेगळे नसतात. दुकानदारांनीही लहान मुलांसमोर हा खेळ बंद करावा. होल्डरमधून बल्ब काढताना बटण बंद करूनच काढायचा. लाईट गेलेली आहे, मग काय होतंय, असं म्हणू नका. ती कोणत्याही क्षणी येते आणि सांगून येत नाही.

पाचवा तारा गेला तो वॉरंटीत. एक बल्ब ऑगस्टमध्ये बॅटरीवर लागेनासा झाला. लाईटवर चालतो, लाईट गेली की विझतो, म्हणजे आता साधा बल्ब. खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, “पेटतोय की, मॅडम.” मी म्हटलं पेटतोय, पण साध्या बल्बाचे मी साडेतीनशे दिले नव्हते. पक्कं बिल दाखवल्यावर आणि तिथेच टोपी बसवून पेटवून दाखवा म्हटल्यावर बदलून मिळाला. शाळेच्या अनुदानातून घेणार असाल तर बिल तुम्ही घेणारच, घरासाठी घेतानाही सोडू नका. दुकानदार बिलाऐवजी खोक्यावर तारीख घालून देतो, ती मानू नका.

माझे एकंदर साडेतीन तारे. अर्धा कापला टोपी सगळ्या खोक्यांत देत नाहीत म्हणून.

घेणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या. इशारा आला की बाजारातून सगळ्यात आधी हेच संपतात, आणि मग उरतात ते बिनटोपीचे. दुकानात खोकं उघडायला लावा, टोपी बसवून बल्ब लागतो का बघा. परवडत असेल तर दोन घ्या. एक माजघरात कायमचा, दुसरा टोपीसकट कपाटात, आणि दर महिन्याला दोघांची अदलाबदल, म्हणजे कपाटातला रिकामा पडून मरत नाही. दोन परवडत नसतील तर एक बल्ब आणि पॉवर बँकेला लावायची यूएसबीची दिव्याची पट्टी. ती तीस-चाळीस रुपयांत मिळते, वहीवर वाकवता येते, आणि अक्षरकामापुरती बल्बाइतकीच चालते.